निळा निंब

सावदा,
१४ जुलै २०२५

तेजस,

फोन तू कापतोस. ह्यांच्या नंबरवरून केला तरी माझा आवाज ऐकला की कापतोस. म्हणून कागद. कागद फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो, आणि हातात घेतलास की चार ओळी वाचशील, एवढी तुझी अक्का तुला ओळखते.

शुक्रवारी तुझी ‘हरवलेली तुकडी’ पाहिली. आमच्याकडे सगळं घर बघतं. सासूबाईंना आधी काही कळेना, सहा शिपाई, त्यांचं यान पडलेलं, आभाळात दोन-दोन सूर्य. पण आता त्या स्वयंपाक आटपून बसतात. ह्या भागात तू त्या दगडावर बसून आभाळाकडे बघत म्हणालास, ‘तिकडे कुठंतरी माझं घर असेल. लाखो मैल लांब.’ आणि रडलास. काय रडलास रे! सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. ह्यांनी हातातला घास तसाच धरून ठेवला.

आणि मी बघत होते तुझ्या मागे. दगडाच्या फटीतून वाकडा उगवलेला, मग पुन्हा वर वळलेला निंब. त्याला निळा रंग फासलाय. पानंसुद्धा निळी. मागचा सोनगीरचा किल्ला पुसून टाकलाय मेल्यांनी, तिथे जांभळा डोंगर आणून बसवलाय. पण तो निंब? ज्याच्यावरून पडून तुझा पुढचा दात गेला आणि मार मी खाल्ला, तो निंब मी ओळखणार नाही का? निळा केला म्हणून?

लाखो मैल म्हणे. घर चार मैलांवर होतं, तेजस. सायकलवरून गेला असतास तर भाकरी गरम मिळाली असती.

आखाजीच्या सणाला मायला फोन करून तूच सांगितलंस ना, राजस्थानात शूटिंग आहे, येता येत नाही. माय त्या दिवशी सगळ्यांना सांगत फिरली, पोरगं वाळवंटात आहे, उन्हात आहे. अरे, तू आपल्याच जुन्या वावरात होतास. आबांच्या आजोबांचं वावर ते, खदान झाली म्हणून काय झालं.

मी मायला काही सांगितलेलं नाही. आबांनाही नाही. आबा तुझी मालिका बघत नाहीत, म्हणजे तसं म्हणतात. माय सांगते, टीव्ही लागला की ते ओट्यावर जाऊन पाठ करून बसतात आणि आवाज कमी झाला की खाकरतात.

मला फक्त एक उत्तर दे. का आला नाहीस?

अक्का


सावदा,
२३ जुलै

तेजस,

पत्र मुंबईच्या खोलीवर पडून असेल, कारण तू तिथे नाहीस. तू पुन्हा सोनगीरला आहेस. झुलालने सांगितलं. आपला झुलाल, तुझ्या वर्गातला, त्याच्या टँकरचं पाणी तुमच्या शूटिंगला जातं. शेवटचे भाग करायला सगळे परत आलेत, तोंडाला मास्क लावून एक शिपाई टँकरवर हात धुवायला आला आणि चालण्यावरून झुलालने ओळखलं, असं म्हणाला. तू त्याच्या पाया पडलास म्हणे, गावात सांगू नकोस म्हणून. त्याने गावात सांगितलं नाही. मला सांगितलं. मी काय गावात राहते?

तुमचे फोन काढून घेतात म्हणे आत. बरं झालं. आता कापशील काय? हे पत्र आमच्या केळीच्या ट्रकवाल्याबरोबर धुळ्याला जाईल, तिथून झुलाल आणेल.

येत्या तीन तारखेला, रविवारी, आपल्या घरी कानबाई देवी बसते. विसरला नसशील. मुंबईच्या पाण्याने विसरला असशील तर सांगते. आपल्या भाऊबंदकीत तिच्या रोटाचं, त्या जाड गोड पोळ्यांचं, धान्य मुठीने घेतात. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाची सव्वा मूठ गहू टोपलीत टाकायचे. पाळण्यातल्या पोराचीही मूठ निघते. सगळ्यांत वडील असेल तो ती घेतो, म्हणजे आबा. आणि ज्याची मूठ निघाली त्याच्या वाटचा रोट त्यानेच खायचा, पुनवेला दिवेलागणीच्या आत. दुसऱ्याने खायचा नाही, टाकायचा नाही, उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही.

चार वर्षं झाली, आबा नावं घेतात, त्यांच्या पाठचे लीलाधर नाना, नानांची पोरं, चुलत्यांची पोरं, आणि तुझ्या नावापाशी आले की टोपली पुढे सरकवतात. माय दरवेळी चुलीकडे तोंड फिरवते.

तुला वाटतं ते रागावले म्हणून. रागावतीलच! फौजेच्या भरतीत निवडला गेलास तेव्हा काय झालं होतं आठव. धुळ्याच्या मैदानावर आबा रात्रभर तुझ्यासोबत बसले. स्वतःच्या तरुणपणी जळगावच्या भरतीतून छाती कमी भरली म्हणून परत आले होते ते, ते तुझ्या छातीच्या फितीकडे बघत होते. फाट्यापासून गावापर्यंत बँड. बोर्ड लावला, ‘गावाचा सुपुत्र’. आणि तिसऱ्या महिन्यात तू ट्रेनिंग सोडून परस्पर मुंबईला. घरी नाही आलास. घरी आला असतास, दोन थपडा खाल्ल्या असत्यास, संपलं असतं. तो बोर्ड उन्हाने पांढरा होईपर्यंत फाट्यावर लटकत होता आणि आबा त्याच्याखालून जा-ये करत होते.

म्हणून म्हणाले होते, खरी वर्दी टाकली आणि खोटी घातली.

मला विचारशील तर मला त्या मुठीचाच राग आहे. माझी मूठ कधी निघाली नाही. लग्नाच्या आधीही नाही, मुलींची निघतच नाही. मी जातं ओढायचे, पीठ मळायचे, रोट भाजायचे आणि तू खायचास, पाय पसरून. तरी मी सांगते आहे तुला, ये. रविवारी ये. चार मैल आहेत.

अक्का


सावदा,
२ ऑगस्ट

तेजस,

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, ओळ. ‘अक्का, करार आहे, दहा तारखेपर्यंत आवाराबाहेर पडता येत नाही. आबांना सांगू नको मी इथे आहे. ते बघतील त्या नजरेसमोर उभं राहणं माझ्याने होणार नाही.’

म्हणजे करार आहे की भीती आहे, ते एकदा ठरव. सहा शिपायांत सगळ्यात धीट म्हणे तुझा तो पडद्यावरचा जयदीप! त्या आठ पायांच्या जनावरासमोर उभा राहतोस आणि म्हाताऱ्यासमोर पाय लटपटतात होय?

पण आता ऐक, आता चेष्टा नाही. काल मायचा फोन आला. रडत होती, मला वाटलं कोणी गेलं.

काल सकाळी सगळी भाऊबंदकी जमली. आबांनी टोपली घेतली, नावं सुरू केली. नाना झाले, नानांची दोघं झाली, सगळी झाली. आता टोपली सरकवतील म्हणून नाना हात पुढे करून बसले होते. आणि आबांनी पोत्यात हात घातला. म्हणाले, ‘तेजस.’ सव्वा मूठ टोपलीत टाकली.

माय सांगते, नानांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

मग नाना उसळले. त्यांचंही चुकलं नाही, मी त्यांची बाजू घेते असं समजू नकोस, पण त्यांच्या मोठ्याचं लग्न ठरलंय, कानबाई कोपली तर, हे त्यांच्या डोक्यात. म्हणाले, ‘आबा, मूठ तुम्ही काढी, पन खावाले कोन येई? रोट उरना तर बठ्ठास्ना घरले बाधी.’ रोट उरला तर सगळ्यांच्याच घराला बाधेल म्हणे. नाना म्हणाले, पुनवेला दिवे लागायच्या आत पोरगं येऊन रोट खाऊन गेलं तर ठीक. नाहीतर पुढल्या वर्षीपासून मूठ मी काढीन, आणि त्याचं नाव पुन्हा ह्या टोपलीवर कोणी घेणार नाही. चारचौघांनी मान डोलावली. आबांनीही.

आबांनीही, कळतंय का तुला? हरले तर वडीलपण जाईल हे माहीत असून त्यांनी ती मूठ घेतली. सगळ्यांच्या देखत.

तुझ्या वाटचं पीठ मायने वेगळं काढून, पितळी डब्यात घालून देवाजवळ ठेवलंय. शनिवारी पुनव. राखीची. मी मंगळवारी माहेरी जाते आहे.

तू काहीही कर. कराराचा कागद खा, पळून ये, खोटं बोल, पोटात दुखतं म्हण. तुला खोटं बोलायचे पैसेच मिळतात.

अक्का


माहेरून,
५ ऑगस्ट

तेजस,

झुलाल पाणी भरून परत खदानीवर चाललाय, त्याला थांबवून ओट्यावर बसून लिहिते आहे. अक्षर समजून घे.

मायला मी शब्द दिला होता की हे तुला कळवणार नाही. मोडते. आबांना माहीत आहे.

तू आहेस हे त्यांना आधीपासून माहीत आहे. निळ्या निंबाचा भाग लागला तेव्हा ते नेहमीसारखे ओट्यावर पाठ करून होते. तू घर म्हणालास. तेव्हा वळले म्हणे. वळून उंबऱ्यात आले, बघितलं, आणि मायला विचारलं, ‘निंबले काय करी टाकं त्यास्नी?’ बस. जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सायकल काढतात, तुम्ही परत यायच्याही आधीपासून. डोळे दाखवायला धुळ्याला जातो, बाजाराला जातो, कोणाच्या दहाव्याला जातो. माय म्हणाली, किती माणसं मरतात गं ह्या तालुक्यात! आज मी मागे गेले. किल्ल्याच्या वाटेने अर्ध्यात चढून एक खडक आहे, तिथून खदान पुरी दिसते. तिथे बसले होते, डोक्यावर खताची गोणी घेऊन, पावसात.

मी जवळ गेले तर म्हणाले, ‘बस.’ खाली बोट दाखवलं. खाली सहा माणसं मुंगीएवढी, सगळी एकाच रंगाची, सगळ्यांच्या डोक्यावर ते काचेचं हेल्मेट. मी विचारलं, आबा, ह्यातला आपला कोणता कळतो का. तर चिडले. म्हणाले, ‘तिसरा. उजवा पाय जरा बाहीर टाकस. लहानपनपासून.’

मग बघत राहिलो. कोणीतरी भोंग्यातून ओरडलं की तू पळायचास, त्या उतारावर पडायचास. पुन्हा उठून जागेवर जायचास. पुन्हा ओरडलं की पुन्हा पळायचास, पुन्हा पडायचास. चिखलात, त्या ओझ्यासकट. किती वेळ ते चाललं. मला वाटलं आबा म्हणतील नाटकं. ते काहीच म्हणाले नाहीत. उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, ‘हाई बी ट्रेनिंगच शे मग.’

तेजस, आता तरी. ते तुझ्यावर कोणत्या नजरेने बघतात ते मी बघून आले. ती नजर तुला वाटते ती नाही.

त्यांना मी म्हटलं, चला की खाली, भेटून येऊ. नको म्हणाले. ‘मी मूठ काढी. आते त्यानं पाऊल उचलानं.’ अडून बसलेत. तुम्ही दोघंही एकाच मातीचे, माझ्या नशिबी मात्र पायपीट.

चार दिवस राहिलेत.

अक्का


धुळे,
७ ऑगस्ट, दुपार

तेजस,

हे पत्र तुला मिळेल की नाही हेही मला सकाळी माहीत नव्हतं.

सकाळी झुलाल टँकर तसाच रस्त्यात टाकून धावत आला. खदानीत दरड आली. रात्रभर पाऊस होता, उताराचा मुरूम सुटला आणि शिपायांतला एक खाली सापडला. हेल्मेटसकट गाडीत घालून धुळ्याला नेलं, तोंड कोणी बघितलं नाही, नाव कोणी सांगेना. झुलालला गेटच्या आत जाऊ दिलं नाही.

आबा दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण होता. तसेच उठले.

एस.टी.त मी सगळ्या देवांची नावं घेतली. कानबाईलाही म्हटलं, बाई, तुला मूठ हवी होती ना, मग माणूस कसा नेतेस? आणि मनात येत होतं नानांचं बोलणं, बाधेल म्हणून, आणि वाटलं आबाही तेच मनात घोळवत असतील. त्यांनी खिडकीचा गज धरला होता तो धुळे येईपर्यंत सोडला नाही.

दवाखान्याच्या पायरीशी आले आणि थांबले. म्हणाले, ‘तू जाय. मनाकडथून होवाव नही.’ माझ्या बापाला मी असं कधी बघितलं नव्हतं रे.

मी आत गेले. खाटेवर तीच वर्दी, ती मातकट, बाह्यांवर दोन सूर्य. पाय बांधलेला. मी पायाकडून वर बघत गेले, तोंडाकडे बघायचा धीर होईना. दाढी होती. तू नव्हतास.

तू नव्हतास. बाहेर येऊन मी तेवढंच म्हणाले, ‘तो नाही, आबा.’ आबा होते तिथेच खाली बसले, लोकांच्या पायात. थोड्या वेळाने तोंड पुसून विचारलं, मग तो कोणाचा आहे?

नाशिककडचा भूषण. पाय मोडलाय, जीव शाबूत आहे. त्याच्या घरचे संध्याकाळी पोचतील. आबा म्हणाले, मग तोवर कोण आहे त्याच्याजवळ? केळी घेतली, बिस्किटं घेतली आणि आत जाऊन त्याच्या उशाशी बसले. ओळखदेख नाही. तो विचारतो, काका तुम्ही कोण? तर म्हणतात, ‘गावनाच शे.’

तो भूषण बोलका निघाला. दुखत होतं तरी सांगत सुटला. म्हणाला, सगळे वर पळाले, जयदीप एकटा खाली आला. नखांनी मुरूम उपसला त्याने, दुसरा लोट यायच्या आत मला ओढून काढलं. दिग्दर्शक ओरडत होता, मागे फिर म्हणून, हा ऐकेना. आणि म्हणाला, ‘वेगळाच आहे तो. रोज काम सुटलं की त्या निळ्या झाडाखाली जाऊन बसतो. समोर एक गाव आहे, त्याचे दिवे बघत बसतो. विचारलं तर म्हणतो, ते बघ, पृथ्वी.’

आबांनी त्याला केळं सोलून दिलं. सालपट किती वेळ हातातच होतं.

हाताला लागलंय का तुझ्या? नखं गेली असतील. हळद लाव. तिथे हळद असते की नाही, देव जाणे.

मला आज तुला काही शिकवायचं नाही, ओरडायचंही नाही. तू जिवंत आहेस, मला पुष्कळ झालं. पण परवा पुनव आहे, आणि आबांनी मघाशी एवढंच विचारलं, ‘येई का तो?’ मी हो म्हटलं. मला खोटं पाडू नकोस.

अक्का


खदानीच्या गेटवरून,
९ ऑगस्ट, पुनव

तेजस,

ह्या पत्रासोबत पितळी डबा आहे. डबा आधी नीट खाली ठेव आणि हे वाच. वेळ थोडा आहे.

सकाळपासून वाट बघितली. मायने तुझ्या वाटच्या पिठाचा रोट केला, तुपात, तुला आवडतो तसा जाड, आणि त्याच डब्यात ठेवला. दुपार झाली. नाना येऊन ओट्यावर बसले. त्यांच्या मागे चुलते येऊन बसले. कोणाच्या मरणाला बसतात तसे सगळे बसले होते आणि डब्याकडे बघत होते. झुलाल आला आणि म्हणाला, अपघात झाल्यापासून आवाराला कुलूप आहे, आतून कोणी बाहेर नाही, बाहेरून कोणी आत नाही, शेवटचा भाग आज संपवतायत.

म्हणजे तू यायचं म्हटलं तरी येऊ शकत नव्हतास. मला ते आज कळलं. कालपर्यंत तुला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या परत घेते. सगळ्या नाही.

आबा उठले. घडीचा सदरा घातला, टोपी घातली. देवाजवळचा डबा उचलला आणि उंबऱ्याकडे चालू लागले. नाना आडवे आले. ‘आबा, रोट उंबराबाहीर जात नही. तुम्हीच आम्हले शिकाडं.’

आबा म्हणाले, ‘ते वावर कोनं व्हतं? निंबखाले आपला देव कोनी मांडा व्हता? मना आजा पयला निवद तठेच ठेये. तो बी आपलाच उंबरा शे, लीलाधर. बाजू व्हय.’

नाना बाजूला झाले. मला वाटलं भांडतील, पण म्हणाले, ‘दिवे लागापावत.’ आणि झुलालला म्हणाले, बघतोस काय, टँकर काढ.

टँकरच्या केबिनमध्ये झुलाल, आबा आणि मी. खड्डे असे की दात वाजत होते. अर्ध्या वाटेत आबांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाले, ‘धर, पडी जाई.’ सासरी दिलेल्या मुलीने ह्या डब्याला हात लावलेला आपल्या घरात कोणी बघितलेला नाही. मी घट्ट धरला.

इथे पत्र्याचं गेट आहे आणि काळ्या कपड्यातले दोन आडदांड. शूटिंग चालू आहे, आवाज करू नका. एकाने आबांना विचारलं, कोण पाहिजे?

चार वर्षांत ज्या माणसाने बाहेर तुझा उल्लेख केला नाही, कोणी विचारलं तर ‘एक पोरगी शे’ एवढंच सांगायचा, तो म्हणाला, ‘मना आंडोर शे मझार.’

त्याला कळलं नाही, तो परमुलखातला. मी सांगायला तोंड उघडलं, पण आबांनी हाताने मला थांबवलं. आणि शाळेत पाठ म्हणतात तसं, एकेक शब्द नीट लावून म्हणाले, ‘माझा मुलगा आहे आत. शिपाई आहे तो.’

तो हसला. ‘काका, आत सगळे शिपाईच आहेत.’

आबा हसले नाहीत. म्हणाले, ‘परवा दरडीतून माणूस काढला, तो.’

मग त्याचं हसू गेलं. त्याने आत कोणाला तरी बोलावलं. छत्री घेतलेली एक मुलगी आली. म्हणाली, माणसांना सोडता येणार नाही, माझी नोकरी जाईल, पण मधल्या सुट्टीत डबा आणि चिठ्ठी नेऊन देते. तिनेच सांगितलं, आज शेवटचा प्रसंग आहे. यानात पाचच जागा आहेत. पाच शिपाई घरी जातात आणि जयदीप एकटा त्या ग्रहावर मागे राहतो.

ते त्यांच्या गोष्टीत. त्यांना हवं तसं करू दे.

तू आता एवढंच कर. डबा घेऊन त्या निंबाखाली जा. हेल्मेट काढ. चपला, बूट जे काय असेल ते काढ. आणि रोट खा, सगळा, चुरा सांडू नकोस. राखी डब्याच्या झाकणात आहे, ती कोणाकडूनही बांधून घे, गाठ मी नंतर बघीन. खाऊन झालं की हात वर कर. करार मोडत नाही त्याने, आवाराच्या आतच आहेस.

गेटपासून निंब सरळ दिसतो. ढग आहेत, पण अजून उजेड आहे, गावात दिवे लागलेले नाहीत, मी मागे वळून वळून बघते आहे. आबा गेटच्या पत्र्याला धरून उभे आहेत. त्या आडदांडाने त्यांना स्वतःची खुर्ची आणून दिली. मी म्हटलं, आबा, बसा, पाय दुखतील, किती वेळ लागेल कोणास ठाऊक.

नको म्हणाले. बसलो तर त्याला दिसणार नाही.

अक्का